डीपी (शहराचा विकास आराखडा) आलाय, बांधकामाचे नियम बदलायलेत: हरकत कशी घ्यायची ते नीट समजून घ्या

पेपरच्या आतल्या पानावर बारीक टाइपात एक जाहीर सूचना येते, "महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगर रचना अधिनियम १९६६ च्या कलम अमुक अन्वये" अशी सुरुवात असलेली, आणि ती कोणी वाचत नाही. पुढं कधीतरी घर बांधायला काढलं, परवानगीला फाइल टाकली, की इंजिनियर सांगतो तुमच्या प्लॉटमधून अठरा मीटरचा रोड जायलाय, नाहीतर शाळेचं आरक्षण पडलंय, म्हणजे ती जागा शाळेसाठी राखून ठेवलीय. तवर हरकतीची मुदत संपलेली असते. लातूर घ्या, नांदेड, परभणी, जालना, बीड घ्या, सगळीकडं हेच ऐकायला मिळतं. मुदतीत एक पानाचा अर्ज गेला असता तर निदान बोलायला जागा राहिली असती.

एवढं मोठं लिहायलोय त्यातलं एकच लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. "आमच्यावर अन्याय झालाय, आरक्षण रद्द करा" एवढाच अर्ज टाकला तर त्याचं काही होत नाही. नकाशातली कुठली रेघ किंवा नियमातलं कुठलं वाक्य, ते का चुकलंय आणि त्याच्या जागी नेमकं काय पाहिजे, असं लिहिलं तर समोरच्या अधिकाऱ्याला त्याच्यावर काहीतरी ठरवावं लागतं. बाकी सगळं हे तीन कसे काढायचे त्याच्याबद्दलच आहे.

आधी नोटीस कशाची आहे ते बघा

सगळ्या नोटिशा सारख्या दिसतात पण आत फरक असतो, आणि तो कलमाच्या नंबरवरून कळतो.

कलम २६ लिहिलं असेल तर शहराचा पूर्ण प्रारूप विकास आराखडा म्हणजे आपण ज्याला डीपी म्हणतो तो प्रसिद्ध झालाय. हे साधारण वीस वर्षांतून एकदा होतं म्हणजे एका पिढीत एकदा, त्यामुळं ही नोटीस चुकवायचीच नाही. २०२४ मध्ये छत्रपती संभाजीनगरचा प्रारूप आराखडा आला तेव्हा चहाच्या टपरीवरसुद्धा तोच विषय होता, पण लहान शहरात, तालुक्याच्या नगरपंचायतीत तेवढी चर्चाच होत नाही आणि मुदत निघून जाते.

कलम ३७ असेल तर मंजूर डीपीत छोटा फेरबदल. एखादं आरक्षण हलवणं, हिरव्या पट्ट्यातली जमीन रहिवास विभागात घेणं, रस्त्याची आखणी बदलणं असलं काहीतरी. याला एक महिना असतो. ज्याच्यावर परिणाम होतो त्याला वेगळी नोटीस द्यायची आणि त्याचं ऐकून घ्यायचं असं कायद्यात आहे, पण सातबाऱ्यावर अजून आजोबांचंच नाव असेल तर ती नोटीस कोणाच्या हातात पडणार? वारस लावलेले नसतील तर आधी फेरफार करून घ्या, ते तसंही कधीतरी करायचंच आहे.

आणि कलम ३७(१कक) दिसलं तर सरकार स्वतः बदल करायलंय, बहुतेक वेळा बांधकाम नियमावलीत. आपल्याकडं डिसेंबर २०२० पासून मुंबई आणि थोडे भाग सोडून सगळ्या राज्याला एकच नियमावली लागू आहे, एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली, इंजिनियर लोक तिला यूडीसीपीआर म्हणतात. घराच्या बाजूला किती जागा सोडायची, किती मजले चढवायचे, पार्किंग किती, कुठल्या रुंदीच्या रस्त्यावर खाली दुकान चालतं, सगळं तिच्यात. तिच्यात बदल होत राहतात आणि प्रत्येक वेळी हरकती मागवतात, पण त्या नोटिशीत तुमच्या गावाचं नाव कुठंच नसतं म्हणून कोणाला वाटत नाही की हे आपल्या घराचं आहे. सोबत कलम १५४ लिहिलेलं दिसलं तर त्या कलमानं सरकारनं काय निर्देश दिलेत ते वाचा, कारण बऱ्याचदा बदल लगेच अंमलात आलेला असतो आणि हरकतीचं काम मागून चालू राहतं. अशा वेळी महिन्याच्या शेवटच्या दिवसाची वाट बघू नका.

मुदत कधीपासून मोजायची हा घोळ सगळ्यात जास्त लोकांचा होतो. पेपरात वाचलं त्या दिवसापासून मोजतात, आणि नोटिशीत लिहिलेलं असतं "राजपत्रात प्रसिद्ध झाल्याच्या दिनांकापासून". राजपत्र आधी आलेलं असू शकतं. म्हणून नोटिशीतलं ते वाक्य शोधा, राजपत्राची तारीख काढा आणि कॅलेंडरवर शेवटच्या दिवसाच्या चार दिवस आधी खूण करा. शेवटचा दिवस शनिवार रविवार किंवा सणाचा असेल तर अजून आधी.

अजून एक. अर्ज कोणाकडं द्यायचा ते नोटिशीत बघा, अंदाजानं नगरपालिकेत टाकू नका. शहराच्या हद्दीत महापालिका, नगरपरिषद किंवा नगरपंचायत असते, पण हद्दीच्या बाहेरच्या गावांचं नियोजन वेगळ्याच संस्थेकडं असू शकतं. संभाजीनगरच्या भोवती झालर क्षेत्रातल्या २८ गावांचा आराखडा सिडकोनं केला होता, तिथल्या माणसानं महापालिकेत अर्ज दिला असता तर त्याचा काय उपयोग. आणि नियमावलीच्या बदलाच्या हरकती बहुतेक विभागीय सहसंचालक, नगर रचना यांच्या ऑफिसला मागवतात, म्हणजे आपल्यासाठी छत्रपती संभाजीनगर. हिंगोली-धाराशिवच्या माणसाला तिथं जायला पूर्ण दिवस मोडतो, त्याच्याबद्दल खाली सांगतो.

हरकत कोण घेऊ शकतं

कोणीही. जमीन नावावर असायची अट नाही. भाडेकरू घेऊ शकतो, कॉलनीतले लोक मिळून घेऊ शकतात, पुण्याला नोकरीला गेलेला मुलगा गावाकडच्या घरासाठी घेऊ शकतो. फक्त सुनावणीला तो येणार नसेल तर आई-वडिलांना नाहीतर भावाला साधं अधिकारपत्र लिहून ठेवा.

गुंठेवारीवाल्या (बिनपरवाना लेआउटमधले गुंठा-दोन गुंठ्यांचे प्लॉट घेतलेल्या) लोकांबद्दल मुद्दाम वेगळं लिहितो, कारण मराठवाड्यात प्रत्येक शहराच्या कडेला बॉण्डवर घेतलेल्या प्लॉटची वस्ती आहे आणि ही माणसं सगळ्यात जास्त घाबरतात. त्यांना वाटतं अर्ज केला की आपलं घर नजरेत येईल आणि नोटीस लागेल. अहो घर नजरेत आलेलंच आहे, टॅक्स भरताय, मीटर आहे, उपग्रहाच्या फोटोत छत दिसतंय. उलट नकाशात तुमची वस्ती मोकळी जमीन म्हणून दाखवली आणि तुम्ही गप्प बसलात तर तिच्यावर बगीचा नाहीतर डेपो पडायची भीती जास्त. गुंठेवारी कायदा २००१ चा आहे, २०२१ च्या दुरुस्तीनं ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना नियमित करून घ्यायची सोय झाली. ती फाइल टाकलेली असेल तर तिची पावती हरकतीला जोडा, आणि नसेल टाकली तरी हरकत घ्यायला कोणी अडवू शकत नाही.

आणि हे बहुतेकांच्या डोक्यातच येत नाही: आराखडा तुमच्या फायद्याचा आला असेल तरी अर्ज द्या. समजा तुमच्या गल्लीच्या मागून रोड दाखवलाय आणि तुम्ही खुश आहात. पण ज्यांच्या जमिनीतून तो जायलाय ते हरकत घेणार, म्हणणार की अलीकडून न्या, आणि सुनावणीत त्यांचं ऐकणाऱ्यांसमोर तुमच्या बाजूचा एकही कागद नसणार. मोठे बदल झाले तर परत हरकती मागवायची तरतूद कायद्यात आहे, पण कुठला बदल मोठा आणि कुठला छोटा हे ठरवणारे आपण नसतो. म्हणून "सदर रस्ता दर्शविल्याप्रमाणे कायम ठेवावा, कारण..." असा अर्ज, सूचना म्हणून, जरूर द्या.

नकाशा बघायला जाताना

नकाशे ऑफिसात भिंतीवर लावलेले असतात आणि वेबसाइटवर पण टाकतात. मोबाइलवर बघून समाधान मानू नका, झूम केलं की गट नंबर फाटतात, आठाचा तीन दिसतो. वेळ काढून प्रत्यक्ष जा, आणि जाताना घरून तीन कागद न्या: सातबारा किंवा पीआर कार्ड (मालमत्ता पत्रक), नगरपरिषदेच्या हद्दीत असाल तर पीटीआर (मालमत्ता कराच्या नोंदीचा) उतारा, आणि लेआउटची किंवा मोजणीची प्रत. गटाचा जुना टोच नकाशा (बांधांचा आकार दाखवणारा मोजणीचा नकाशा) भूमी अभिलेखमधून मिळाला तर फारच छान.

आता तिथं काय करायचं. भिंतीवरच्या नकाशात एकदम आपला गट शोधायला लागलं की माणूस हरवतो, सगळीकडं पिवळं दिसतं. आधी न हलणाऱ्या खुणा धरा. नदी, नाला, रेल्वेची लाइन, जुनी वेस, मोठा तलाव, गावाची त्रिसीमा. तिथून सरकत सरकत शेजारच्या गटावर या. मग टोच बाजूला धरून बांधाचा आकार जुळवा, कारण गटाचा नंबर चुकीचा पडू शकतो पण बांधाचा वाकडा कोपरा सहसा चुकत नाही. तो सापडला की रंग बघा, पिवळा रहिवास, हिरवा शेती नाहीतर बगीचा, आणि बाकीचे रंग, रेघा, आरक्षणाचे नंबर कोपऱ्यातल्या सूचीत लिहिलेले असतात. सूचीचा फोटो पहिल्यांदा काढा, मग आपल्या भागाचा, मग शीट नंबरचा. घरी आल्यावर शीट नंबर आठवत नाही आणि अर्जात तोच लागतो.

नंतर दुसरा नकाशा मागा. बरेच लोक फक्त प्रस्तावित जमीन वापराचा नकाशा बघून येतात. त्याच्या आधी विद्यमान जमीन वापर नकाशा तयार झालेला असतो, म्हणजे आज जमिनीवर काय आहे त्याचं सर्वेक्षण, आणि आपल्याकडच्या निम्म्या चुकांचं मूळ तिथं असतं असं माझं मत आहे. चाळीस घरं उभी असलेली जागा तिथं पडीक म्हणून रंगवलेली असते. विहीर नसते, मसणवाट्याची वाट नसते, बुजत आलेला नाला नसतो. पाया चुकला म्हणून वरचं आरक्षण चुकलं, हे तुम्ही दाखवून दिलं तर हरकतीला खरी ताकद येते. पुरावा म्हणून वस्तीतल्या वेगवेगळ्या वर्षांच्या लाइट बिलांच्या झेरॉक्स, टॅक्सच्या पावत्या आणि जुन्या तारखेचा उपग्रहाचा फोटो जोडा. गूगल अर्थवर मागच्या वर्षांचे फोटो फुकट बघता येतात, कॉलेजच्या पोराला सांगा, लगेच काढून देईल.

पूररेषा बघितल्याशिवाय परत येऊ नका. निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे शंभर वर्षांत एकदा येणाऱ्याची. नदी आणि निळ्या रेषेच्या मध्ये घर बांधायला परवानगी मिळत नाही, निळ्या-लालच्या मध्ये अटी लागतात. नांदेडला गोदावरी-आसना, बीडला बिंदुसरा, जालन्याला कुंडलिका, संभाजीनगरला खाम, या काठच्या लोकांनी तर आधी हेच बघावं. इथं एक मनापासून सांगतो, पूररेषा सरकवून घ्यायच्या हरकतीत सामील होताना दहा वेळा विचार करा. रेषा चुकीच्या सर्वेनं पडली असेल तर जरूर भांडा, पण पाणी खरंच येत असेल तर कागदावर रेषा हलवून ते यायचं थांबत नाही. आपलीच लेकरं त्या घरात झोपणार आहेत.

आराखड्याचा अहवाल पण असतो, जाड पुस्तक. पूर्ण वाचायची गरज नाही, आपल्या भागातल्या आरक्षणांची यादी आणि लोकसंख्येचा अंदाज धरलाय तेवढं प्रकरण बघा. "या भागात लोकसंख्येला इतक्या शाळा लागतात" असं तिथं असतं, आणि तुमच्या वॉर्डात शाळा आधीच असेल तर तो आकडा तुमच्या कामाचा.

नियमात बदल असेल तर वाचायची पद्धत

नियमावलीतला बदल तीन रकान्यांत छापतात बऱ्याचदा: नियम क्रमांक, सध्याची तरतूद, प्रस्तावित तरतूद. भाषा कठीण असते म्हणून लोक सोडून देतात. सोपी पद्धत सांगतो. दोन्ही रकाने शेजारी ठेवा आणि फक्त बदललेल्या शब्दांखाली पेननं रेघ मारा. बहुतेक वेळा एक आकडा, एक "किंवा", एक "परंतु" एवढंच बदललेलं असतं, आणि सगळा परिणाम त्या एका शब्दात असतो. मग आपल्या गल्लीतला खरा प्लॉट घ्या, समजा वीस बाय तीस फुटाचा, आणि त्याच्यावर जुना नियम लावून बघा, नवा लावून बघा. बाजूची जागा किती सोडावी लागते, जिना कुठं जातो, गाडी कुठं लागते, किती खोल्या उरतात. हे हिशेबाचं चित्र कागदावर काढून अर्जाला जोडलं तर चार पानांच्या भाषणापेक्षा जास्त बोलतं.

एफएसआयचा शब्द आला की घाबरू नका. दाट वस्तीच्या बाहेर मूळ एफएसआय १.१० आहे, म्हणजे शंभर चौरस मीटरच्या प्लॉटवर सगळे मजले मिळून ११० चौरस मीटर, त्याच्या वरचं प्रीमियम भरून किंवा टीडीआर (आरक्षणात जमीन दिलेल्याला मिळणारा, विकता येणारा बांधकामाचा हक्क) घेऊन आणि रस्त्याच्या रुंदीवर अवलंबून. त्यामुळं नोटिशीत एफएसआय वाढवायलेत असं दिसलं की पहिला प्रश्न हा विचारा, की वाढलेल्या मजल्यांना पाणी कुठून येणार, ड्रेनेज कुठं जाणार आणि अग्निशामकची गाडी गल्लीत शिरणार का. आपल्याकडं कितीतरी शहरात उन्हाळ्यात आठ-आठ दिवसांनी नळाला पाणी येतं, हे मुंबई-पुण्याकडं बघून नियम करणाऱ्यांना आपण सांगितलं नाही तर कोण सांगणार. ही सूचना एकदम कायदेशीर आहे, भावनिक नाही, फक्त तुमच्या नगरपरिषदेच्या पाणीपुरवठ्याचं वेळापत्रक जोडा म्हणजे झालं.

अर्ज लिहिताना

साध्या कागदावर, मराठीत, हातानं लिहिला तरी चालतो. वकील लागत नाही, फी नाही. या दिवसांत "आरक्षण उठवून देतो, वरपर्यंत ओळख आहे" म्हणत फिरणारी माणसं गावात येतात, त्यांना एक रुपया देऊ नका. अर्ज द्यायचा हक्क तुमचा आहे आणि फुकट आहे.

नमुना देतो, याच्यात आपले आकडे भरा:

"विषय: प्रारूप विकास योजना, शीट क्र. ___, मौजे ___, गट क्र. ___ मधून दर्शविलेल्या १८ मी. रस्त्याबाबत हरकत व सूचना.

महोदय, उक्त रस्ता मंजूर लेआउटमधील प्लॉट क्र. ___ ते ___ वरून दर्शविला आहे. सदर लेआउट दि. ___ रोजी मंजूर असून (प्रत सोबत) या प्लॉटवर राहती घरे आहेत (फोटो व कर पावत्या सोबत). विद्यमान जमीन वापर नकाशात हा भाग मोकळा दर्शविला आहे, ती नोंद वस्तुस्थितीस धरून नाही. सदर प्लॉटच्या दक्षिणेस अंदाजे ___ मीटरवर १२ मी. रुंदीचा रस्ता प्रत्यक्ष वापरात आहे.

विनंती: १) विद्यमान जमीन वापर नकाशात दुरुस्ती करावी. २) प्रस्तावित रस्त्याची आखणी दक्षिणेकडील अस्तित्वातील रस्त्यावरून करावी. ३) मला प्रत्यक्ष सुनावणीची संधी द्यावी."

बघा, याच्यात रड नाही, आरोप नाही, कोणाचं नाव नाही. रेघ कुठली, चूक काय, त्याच्या जागी काय. तिसरी विनंती विसरू नका. "नियमबाह्य" आणि "भ्रष्टाचार" हे शब्द पुरावा नसेल तर टाळा, त्यानं अर्ज वजनदार होत नाही.

पर्याय सुचवणं हा अर्जाचा जीव आहे. नुसतं "माझ्या जमिनीवरचं क्रीडांगण रद्द करा" असं सगळ्यांनी लिहिलं आणि सगळ्यांचं मान्य झालं तर शहरात पोरांना खेळायला जागाच राहणार नाही, आणि ती पोरं पण आपलीच आहेत. आसपास गायरान असेल, पडून असलेली सरकारी जागा असेल, तिचा गट नंबर देऊन लिहा की आरक्षण तिकडं हलवावं. तशी जागा नसेल तर निदान असं मागा की एकाच शेतकऱ्याच्या पूर्ण गटावर न टाकता दोन-तीन गटांत वाटून घ्यावं. जमीन गेलीच तर करारानं पैसे, टीडीआर किंवा २०१३ च्या भूसंपादन कायद्यानं मोबदला असे रस्ते कलम १२६ मध्ये आहेत, पण लहान शहरात टीडीआरला गिऱ्हाईक सहजासहजी मिळत नाही, तेवढं ध्यानात ठेवून बोलणी करा.

कॉलनीचा एकत्र अर्ज आणि घरोघरचा वेगळा अर्ज, दोन्ही द्या. एकच मजकूर झेरॉक्स मारून पाचशे सह्या घेतल्या तर ते सगळे एकत्र बांधून एका सुनावणीत संपवतात. एकत्र अर्जात सगळ्यांचा मुद्दा आणि सह्यांची यादी, वेगळ्या अर्जात आपल्या प्लॉटचा नंबर आणि आपलं घर कसं अडतंय ते. बायकांच्या सह्या आणि त्यांचं म्हणणं मुद्दाम घ्या, पाण्याची वेळ, नाल्याचा वास, पोरींना शाळेला जायची अंधारी वाट हे त्यांना जास्त माहीत असतं आणि घर बऱ्याच ठिकाणी त्यांच्या नावावर असतं.

जुन्या वस्तीत निजामाच्या काळातले कागद उर्दूत असतात, इनामी जमिनीचे, खासरा पत्रकाचे. ते जोडायचे असतील तर मराठी भाषांतर सोबत लावा, मूळ कागद मात्र देऊ नका, झेरॉक्सच द्या.

देताना पोच, नाहीतर दिला नाही असं समजा

दोन प्रती न्या. आवक-जावकच्या टेबलावर एक द्यायची, दुसरीवर शिक्का, तारीख, आवक नंबर आणि सही घ्यायची. "साहेब नाहीत, ठेवून जा" म्हटलं तरी शिक्का घेतल्याशिवाय हलू नका, आवकला साहेब असायची गरज नसते. लांबच्या गावाचे असाल तर स्पीड पोस्टनं पाठवा, पाकिटावर वरती विषय लिहा, आणि पोच झाल्याचा ट्रॅकिंगचा कागद प्रिंट काढून ठेवा. नोटिशीत ईमेल दिलेला असेल तर त्यावर पण टाका. पोस्टाला चार दिवस धरा म्हणूनच वरती आधीची तारीख धरायला सांगितलं.

सगळ्या पोचा कॉलनीतल्या एकाच माणसाकडं फाइलला लावा. घराघरात ठेवल्या की सुनावणीच्या वेळी निम्म्या सापडत नाहीत.

सुनावणी

डीपीच्या हरकती नियोजन समिती ऐकते, स्थायी समितीचे तीन सदस्य आणि बाहेरून नेमलेले चारपर्यंत जाणकार अशी तिची रचना कायद्यात आहे. तारखेचं पत्र कधी पोस्टानं येतं, कधी पेपरात नंबराप्रमाणं वेळापत्रक छापतात, कधी मोबाइलवर मेसेज. अर्जात चालू मोबाइल नंबर टाका आणि मुदत संपल्यावर अधूनमधून ऑफिसात चौकशी करत राहा.

आत गेल्यावर बोलायला फार वेळ मिळत नाही, बाहेर रांग असते. घरून ठरवून जा. पहिलं वाक्य आवक नंबर आणि गट नंबर, दुसरं वाक्य चूक काय, तिसरं पर्याय काय. नकाशाची प्रिंट ए-थ्री कागदावर मोठी काढून त्याच्यावर लाल पेननं आपली जागा आणि हिरव्या पेननं सुचवलेला पर्याय दाखवा. समितीतला माणूस त्या दिवशी शेकडो प्रकरणं ऐकत असतो, त्याच्या नजरेसमोर चित्र आलं तर तो थांबून प्रश्न विचारतो, आणि तो प्रश्न विचारला म्हणजे तुमचं काम निम्मं झालं. चिडून बोलायचं नाही, कॉलनीतला जो माणूस शांतपणे बोलतो त्यालाच पुढं करा, मोठ्या आवाजवाल्याला नको. बोलून झालं की तेच लेखी म्हणणं म्हणून द्या आणि त्याची पण पोच घ्या.

नंतर

समितीचा अहवाल होतो, आराखडा सरकारकडं जातो, आणि तिथं पण बदल होऊ शकतात. या काळात तुम्ही माहितीच्या अधिकारात दहा रुपयांच्या अर्जानं विचारू शकता की माझ्या हरकतीवर समितीनं काय शिफारस केली, त्याची प्रत द्या. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. हे जरूर करा, कारण शिफारस कळली तर पुढं मंत्रालयात, नगर विकास विभागात काय लिहायचं ते ठरतं.

आराखडा अजून अंतिम झाला नाही म्हणून निर्धास्त राहू नका. कलम ४६ प्रमाणं प्रारूप आराखडासुद्धा बांधकाम परवानगी देताना विचारात घेतात, म्हणजे प्रसिद्ध झाल्या दिवसापासून त्याचा परिणाम चालू. मध्येच प्लॉट घ्यायचा असेल तर इसार द्यायच्या आधी भाग नकाशा आणि झोन दाखला काढा, प्रारूपचा पण आणि जुन्या मंजूर डीपीचा पण.

आणि समजा हरकत फेटाळली गेली, आरक्षण कायम राहिलं, आराखडा अंतिम झाला. तरी कागद फेकू नका. अंतिम आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षांत जागा घेतली नाही तर कलम १२७ खाली मालक नियोजन करणाऱ्या संस्थेला "जागा खरेदी करा" अशी नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतर चोवीस महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे आपोआप रद्द होतं. त्या नोटिशीला मालकीचे कागद जोडावे लागतात, आणि दहा वर्षांनी ते शोधत बसण्यापेक्षा आजच्या हरकतीचीच फाइल, मोजणी, उतारे, पोचांसकट, एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवा आणि घरातल्या दुसऱ्या माणसाला ती कुठं आहे ते सांगून ठेवा.